टनाचा दर आणि दिवसाची मजुरी: ऊसतोडीच्या २०२४ च्या कराराचा अभ्यास

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात ऊसतोडीचा नवा दर ठरला. एका बाजूला साखर कारखान्यांचा राज्य सहकारी संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगार आणि मुकादमांच्या (टोळ्या आणणाऱ्या मध्यस्थांच्या) संघटना, आणि तडजोडीला शरद पवार व पंकजा मुंडे. गाळप सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि कोयता बंदची, म्हणजे ऊसतोड थांबवण्याची, हाकही देऊन झाली होती. कामगारांना ३४ टक्के वाढ मिळाली. टनाला सुमारे २७३ रुपये असलेला सर्वसाधारण तोडणी दर सुमारे ३६६ वर गेला, मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले आणि हा दर तीन हंगामांसाठी पक्का झाला. त्याआधीच्या, ऑक्टोबर २०२० च्या करारात वाढ १४ टक्के होती. त्या मानाने हे यश मोठे आहे, आणि ते संघटनांनी लढून मिळवले आहे. ते कमी लेखण्याचा इथे हेतू नाही.

पण बोलणी झाली ती टक्क्यांची. जुन्या दरावर किती चढवायचे, एवढाच वाद होता. एका माणसाला आठ तासांच्या कामाचे निदान किती मिळाले पाहिजे, हा किमान वेतन कायद्याचा पहिला प्रश्न. या करारात तो कुठेच नाही. १९४८ पासून कायदा होता, शेतीचे काम त्याच्या अनुसूचीत होते, आणि तरीही राज्यातल्या सर्वांत मोठ्या हंगामी मजूरवर्गाची मजुरी त्या कायद्याबाहेर बसून ठरते. हे कसे घडते, हे समजून घ्यायला २०२४ चा करार चांगला नमुना आहे.

काम आणि कामगार

बीड जिल्हा या मजुरीचे मुख्य आगर. पाथर्डी-शेवगावचा पट्टा, जालना, परभणी, धाराशिव, नाशिक आणि जळगावचे काही तालुके इथूनही टोळ्या निघतात. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचे, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे किंवा सीमेपलीकडे बेळगावकडे जायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये परतायचे. किती लोक जातात याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत फिरतात. एवढी तफावत पडते, कारण कोणाच्याच दप्तरी या माणसांची नोंद ठेवली जात नव्हती.

मोजणी माणसाची होत नाही, कोयत्याची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही ठिकाणी एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) वेगळे करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत किंवा ट्रॉलीपर्यंत नेते. डोकी सेंटरला, म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या टोळीत, शिडीवरून मोळी वर चढवायची असते. गाडी रात्री अकराला आली तर भरणी रात्री अकराला. पहाटे चारला उठून स्वयंपाक, पाणी आणि पोरांचे आवरणे हे पुन्हा बाईकडेच. फडावरचा दिवस बारा ते पंधरा तासांचा असतो, हे या विषयावर काम केलेल्या प्रत्येकाने लिहून ठेवले आहे.

मजुरी मात्र एका कोयत्याच्या नावाने जमा होते, आणि ते नाव पुरुषाचे असते. समान कामाला समान मोबदला देणारा कायदा १९७६ मध्येच आला. इथे बाईला कमी मिळते असेही म्हणता येत नाही, कारण तिच्या नावाने काहीच निघत नाही. कागदावर ती कामगारच नाही.

हिशोब मांडून पाहू

एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. जास्तीचा आकडा धरू, म्हणजे दोन टन. २०२३-२४ च्या हंगामात करार होईपर्यंत जुना दर २७३ होता, म्हणजे जोडीला ५४६ रुपये आणि माणशी २७३. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपयेच होती. आकडे योगायोगाने जुळले आहेत, पण तुलनेला फार उपयोगी आहेत. रोजगार हमीवर मातीकाम करणारा माणूस ठरावीक तास काम करतो, संध्याकाळी घरी जातो, आणि बाई असेल तर तिच्या खात्यात तिचे पैसे येतात. फडावर तेवढ्याच पैशांसाठी चौदा तास लागतात. चौदा तासांच्या २७३ रुपयांना सरळ भागले तर आठ तासांचे १५६ रुपये होतात.

आता नवा दर घेऊ. दोन टनाचे ७३२, माणशी ३६६. २०२४-२५ मध्ये राज्यातली रोजगार हमीची मजुरी २९७ झाली. वरवर पाहता ऊसतोड पुढे गेली. पण पुन्हा चौदा तासांनी भागा: तासाला सव्वीस रुपये, आठ तासांचे २०९. हे साधे भागाकार आहेत. जादा तासांना दुप्पट दर धरला, तर चौदा तास म्हणजे वीस तासांचे दाम होतात आणि मग आठ तासांच्या वाट्याला १४६ रुपये येतात. दिवसाला दीडच टन तुटला, तर नव्या दरानेही माणशी २७४ म्हणजे जुन्या ठिकाणीच.

यात गाडी न आल्याचे दिवस धरलेले नाहीत. फड बदलताना लागणारा प्रवास, पावसाने चिखल झाल्यामुळे बसून काढलेला दिवस, राहायची कोपी (झोपडी) उभारण्याचा दिवस, कारखान्यातल्या बिघाडाने तोड थांबली तो दिवस, या सगळ्यांची मजुरी शून्य. वाढे विकून काही पैसे हाती येतात हे खरे. पण बैल असतील तर तो त्यांचा चारा आहे, आणि काहीही असले तरी मालाची विक्री म्हणजे मजुरी नव्हे.

टन मोजला जातो कारखान्याच्या वजनकाट्यावर. काटामारीच्या, म्हणजे वजन कमी दाखवल्याच्या, तक्रारी ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. शेतकऱ्याला निदान वजनाची पावती मिळते आणि आवाज उठवायला संघटना आहे. त्याच काट्यावर ज्याची मजुरी ठरते तो मजूर तेव्हा दहा-वीस किलोमीटर दूर पुढच्या फडात असतो. आपण किती टन तोडला हे त्याला मुकादमाकडून कळते.

कायदा काय सांगतो

नगावर किंवा वजनावर मजुरी ठरली म्हणून किमान वेतन लागू होत नाही, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. १९४८ च्या कायद्याचे कलम १७ स्पष्ट होते: कामगार उक्त्यावर काम करत असेल आणि सरकारने त्या कामाचा उक्ता दर न ठरवता वेळेवरचा किमान दर ठरवला असेल, तर मालकाने त्या वेळेच्या दरापेक्षा कमी देता कामा नये. सोप्या शब्दांत, टनावर द्या नाहीतर मोळीवर द्या, दिवसाच्या शेवटी माणसाच्या हाती दिवसाची किमान मजुरी पडलीच पाहिजे.

मालक कोण, यावरही कायदा मोघम नाही. स्वतः किंवा दुसऱ्या कोणामार्फत, स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी जो माणसे कामाला लावतो तो मालक, अशी व्याख्या आहे. मध्ये मुकादम आहे म्हणून मूळ मालक सुटत नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात हाच धागा पुढे नेला. तिथे किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती आणि मजूर आणणारे जमादार त्यातला रुपया आपल्याकडे ठेवत. न्या. भगवती यांनी निकालात म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने मनाई केलेली सक्तीची मजुरी. पोटाच्या अडचणीमुळे दुसरा मार्गच उरत नाही, हीसुद्धा सक्तीच. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यातही न्यायालय याच भूमिकेवर ठाम राहिले. दुष्काळ आहे, काम मिळतेय हेच नशीब, हा युक्तिवाद त्याने मानला नाही.

म्हणजे कायदा तोकडा नाही. मग तो फडापर्यंत का पोचत नाही? मला याचे उत्तर नोंदींत दिसते. दावा लावायचा तर कोणत्या मालकाविरुद्ध, किती तासांसाठी, कोणत्या नावाने, हे दाखवावे लागते. हजेरीपत्रक नाही, तासांची नोंद नाही, बाईचे नाव नाही, मजुरीची पावती नाही. कायद्याप्रमाणे या नोंदी मालकाने ठेवायच्या असतात. पण इथे जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

चार हातांची साखळी

कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो, म्हणजे ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या मालकाशी. वाहतूकदार मुकादमाशी करार करतो. मुकादम टोळी आणतो. पैसा वरून खाली याच वाटेने येतो: बँकेचे कर्ज वाहतूकदाराच्या नावावर निघते, त्याला आधार कारखान्याचा असतो, त्यातून मुकादमाला रक्कम जाते, आणि मुकादम जून-जुलैपासून गावात उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटतो. कुठल्या शेतात, कोणत्या दिवशी, कोणती टोळी तोडणार हे मात्र कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. तोडीची स्लिप देणारा स्लिप बॉय फडावर येतो तो कारखान्याचा. वजन कारखान्याचे, दर कारखान्यांच्या संघाने मान्य केलेला. कामावर खरे नियंत्रण कोणाचे, हे यातून उघड आहे.

या साखळीत वाहतूकदारही अडचणीत येतो. उचल घेऊन टोळीच न आणणाऱ्या मुकादमांमुळे कोल्हापूर-सांगलीकडचे अनेक ट्रॅक्टरमालक कर्जात बुडाले आहेत, आणि त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे. मग वसुलीसाठी कधी मुकादमाला, कधी मजुराला डांबून ठेवण्याचे प्रकार होतात. कारखान्याने जोखीम खाली ढकलली, आणि ती सर्वांत खालच्या माणसावर येऊन थांबली.

उचल

उचलीचा हिशोब नीट मांडल्याशिवाय २०२४ च्या वाढीचा अर्थ लागत नाही. अलीकडे कोयत्याला लाखाच्या आसपास उचल मिळते. कोणाला पन्नास हजार, कोणाला त्याहून पुष्कळ जास्त. एक लाख धरू. जुन्या दराने रोज दोन टन तुटला तरी एक लाख फिटायला १८३ दिवस लागत होते. एवढा हंगामच नसतो. नव्या दराने तेच १३७ दिवस. म्हणजे करारामुळे पूर्ण हंगाम चालला आणि एकही दिवस वाया गेला नाही, तर उचल निदान फिटू शकते. हा फरक खरा आहे आणि तो मजुराच्या बाजूचा आहे.

पण फडावर असताना आठवड्याच्या बाजारासाठी मुकादम खर्ची देतो, ती याच हिशोबात चढते. पाऊस कमी झाला, ऊस कमी असला आणि कारखाना शंभर दिवसांत बंद पडला, तर कमाई ७३,२०० आणि अंगावर बाकी २६,८०० अधिक खर्ची. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत जाते, कधी व्याजासह. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, तो सांगेल त्या कारखान्यावर.

वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा. आगाऊ पैशांच्या मोबदल्यात नाममात्र मजुरीवर काम करावे लागणे, किंवा दुसरीकडे काम करायची मोकळीक न राहणे, हे त्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. नाममात्र मजुरी म्हणजे काय, तर तशाच कामाच्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी. हे दोन कायदे एकमेकांशेजारी ठेवून वाचले की ऊसतोडीचा प्रश्न दराच्या वाटाघाटीपुरता राहत नाही. उचल आहे, आठ तासांची मजुरी किमानपेक्षा खाली आहे आणि मधेच सोडून जाता येत नाही, असे जिथे असेल तिथे ही कलमे लागू होतात. संघटनांच्या काही कार्यकर्त्यांना हा मार्ग नको वाटतो, कारण उचल बंद झाली तर जून-जुलैत पेरणीला, दवाखान्याला, लग्नाला पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. तो उचलीच्या समर्थनाचा नसून गावातल्या पतपुरवठ्याचा आहे. पण मजुराला तो आजच सोडवावा लागतो, आणि त्यामुळे तो मुकादमाच्या दारात उभा राहतो.

खाडा

करारात नसलेली आणि सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे खाडा. एखाद्या दिवशी नवरा किंवा बायको कामावर आली नाही तर त्या दिवसाची कमाई जाते आणि वर पाचशे, कुठे त्याहून जास्त दंड उचलीत चढतो. ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडले, कारण कोणतेही असो. वेतनाच्या कायद्यात दंडाला मर्यादा आहे: त्या वेतन कालावधीतल्या मजुरीच्या तीन टक्क्यांपलीकडे दंड नाही, तोही आधी जाहीर केलेल्या कारणासाठी आणि कामगाराचे म्हणणे ऐकून. एका दिवसाच्या गैरहजेरीला जवळजवळ जोडीच्या दिवसभराच्या कमाईइतका दंड हा या कायद्यात कुठेच बसत नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. राज्याने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर शंभरात जवळपास सतरा. या शस्त्रक्रियांमागे खासगी दवाखान्यांची कमाई, चुकीचे सल्ले, कॅन्सरची भीती, कमी वयातली लग्ने आणि बाळंतपणे अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत, आणि सगळा दोष खाड्यावर टाकणे योग्य होणार नाही. तरीही पाळीच्या चार दिवसांत फडावर पाणी नाही, आडोसा नाही, विश्रांती घेतली तर दंड, अशा कामात बाई आपल्या शरीराचा निर्णय कसा घेते, हे समजायला फार कल्पना लागत नाही. मजुरीच्या कायद्यातले दंडाचे एक कलम पाळले गेले असते, तर यातल्या काही जणींवर ती वेळ आली नसती असे मला ठामपणे वाटते.

पैसा कोणाच्या खिशातून

उसाला रास्त व किफायतशीर दर म्हणजे एफआरपी केंद्र सरकार ठरवते. २०२३-२४ साठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,१५० रुपये होता. या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेले पैसे शेतकऱ्याला मिळतात. म्हणजे मजुरीची वाढ कारखान्याच्या नफ्यातून न जाता बहुतांशी ऊस उत्पादकाच्या हाती पडणाऱ्या रकमेतून जाते. मजुरीचा प्रश्न निघाला की शेतकरी संघटना अस्वस्थ होतात त्याचे कारण हे. त्यातच फडावर तोडीला लवकर घ्यायला, गाडीला वाट द्यायला शेतकऱ्याकडून खुशाली आणि एंट्रीच्या नावाने पैसे घेतले जातात. शेतकरी चिडतो तो समोर दिसणाऱ्या टोळीवर. दोन्ही बाजूंना कमी मिळते आणि भांडण त्यांच्या आपसांत लागते.

३६६ रुपये म्हणजे ३,१५० च्या साडेअकरा टक्के. ९३ रुपयांची वाढ म्हणजे उसाच्या दराच्या तीन टक्क्यांहून किंचित कमी. एवढ्याने साखर उद्योग बुडेल हे म्हणणे टिकत नाही. शिवाय यंत्राने तोड केली तर कारखाने मजुरांच्या दरापेक्षा बरेच जास्त मोजत आले आहेत, आणि राज्य सरकार तोडणी यंत्राच्या खरेदीला किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाखांपर्यंत अनुदान देते. यंत्रासाठी पैसा आहे, तर माणसाच्या आठ तासांसाठीही तो शोधता येतो.

उसाच्या दराच्या मागे मात्र कायद्याचे केवढे बळ आहे ते बघा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज. थकवले तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचे प्रमाणपत्र, काढतात आणि साखरेचा साठा जप्त करून वसुली होते. हे सगळे योग्यच आहे, शेतकऱ्यांनी ते रस्त्यावर उतरून मिळवले. त्याच उसावर कोयता चालवणाऱ्याच्या दराला यातले काहीच नाही. करार पाळला नाही तर व्याज नाही, आरआरसी नाही, परवाना अडत नाही. राज्यातल्या इतर किमान वेतनावर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, महागाईनुसार विशेष भत्ता चढतो. ऊसतोडीचा दर तीन वर्षे गोठलेला. २०२० चा दर ठरल्यानंतर किराणा आणि दवाखाना किती महागला, याची भरपाई संपाच्या धमकीनंतरच मिळाली.

सरकारने काय केले

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले. टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, अशी निधीची रचना झाली. मजुरांना ओळखपत्रे द्यायची आणि त्यासाठी ग्रामसेवकांनी नोंदणी करायची असे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाने मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. पोरे आईबापांबरोबर फडावर न जाता शाळेत राहावीत, हा तिचा हेतू. मला यातली नोंदणी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बाईचे स्वतःचे नाव सरकारी कागदावर ऊसतोड कामगार म्हणून येण्याची ती पहिली संधी आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही या मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली.

कल्याणाच्या योजना मजुरीच्या हक्काची जागा घेऊ शकत नाहीत. वसतिगृह मिळाले तरी आठ तासांची किंमत २०९ रुपयेच राहते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने वेतन संहिता लागू केली. आता किमान वेतन अनुसूचीतल्या उद्योगांपुरते नाही, ते सर्व कामांना आहे, आणि केंद्राने ठरवलेल्या तळाच्या वेतनाखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. उक्त्याच्या कामाला वेळेच्या किमान दराची हमी पुढे चालू आहे. कंत्राटदारही मालकाच्या व्याख्येत येतो. कागदावर ही पुढची पायरी आहे. तरी तास आणि नावे न नोंदवता ही संहिताही १९४८ च्या कायद्यासारखी फडाच्या बांधावर थांबेल.

पुढचा करार

२०२४ चा दर २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा. पुढच्या बोलणीत पुन्हा टक्क्यांवरच वाद झाला तर पुन्हा तेच होईल. त्याऐवजी संघटनांनी आधी दिवसाची मजुरी मागावी आणि तिच्यावरून टनाचा दर काढावा. आठ तासांत एक माणूस दमछाक न होता किती ऊस तोडतो आणि भरतो, याचे मोजमाप करता येते. रोजगार हमीच्या कामांत मातीचे घनमीटर असेच मोजून दर बसवले जातात, महाराष्ट्राच्या जलसंधारण आणि बांधकाम खात्यांना हे काम नवे नाही. ते मोजमाप बाईच्या कामाचे वेगळे झाले पाहिजे: पाचट काढणे, मोळी बांधणे, वाहणे, चढवणे. रात्रीच्या भरणीचा दर वेगळा. गाडी कारखान्यामुळे आली नाही तर त्या दिवसाची बसून मजुरी.

कारखान्याला जबाबदार धरायला नवा कायदा लागत नाही. दर हंगामाला साखर आयुक्त गाळप परवाना देतात, आणि एफआरपीची थकबाकी असेल तर तो अडवण्याची ताकद त्यांनी वापरलेली आहे. त्याच परवान्यात तीन अटी घालता येतात: तोडणी मजुरांचा मुख्य मालक कारखाना, प्रत्येक टोळीच्या वजनाची पावती त्याच दिवशी मजुराच्या मोबाइलवर, आणि कोयत्याची मजुरी दोन नावांनी, दोन बँक खात्यांत. उसाचे वजन, गाडीचा क्रमांक, गटाचा क्रमांक हे सगळे कारखान्यांच्या संगणकावर आजही नोंदले जाते. त्याच नोंदीत टोळीतल्या माणसांची नावे जोडायची आहेत, आणि महामंडळाच्या ओळखपत्राचा क्रमांक त्यासाठी पुरेसा आहे.